घडीच्या चाकूला लॉक असल्याने बोटे खरोखर वाचतात का?

घाटपायथा (धागाकर्ता), शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. बारा दिवसांपूर्वी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पाचनईच्या अलीकडे आमचा मुक्काम असताना माझ्या हातून एक अपघात झाला. त्या दिवसापासून जो प्रश्न डोक्यात घोळतो आहे, तो येथील जाणकारांपुढे मांडावा म्हणून हा धागा काढत आहे.

तंबूच्या दोन खुंट्या कमी पडल्या, म्हणून मी वाळलेल्या बांबूच्या तुकड्याला टोक काढत बसलो होतो. हातात तीन महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवलेला घडीचा चाकू होता. त्याचे पाते साधारण आठ सेंटीमीटर लांब आहे, आणि ते पूर्ण उघडले की मुठीच्या आतली एक पातळ पोलादी पट्टी सरकून पात्याच्या टाचेमागे, म्हणजे मुठीतल्या टोकामागे, बसते व 'टक्' असा आवाज होतो. त्या आवाजावर माझा फार भरवसा होता. पाते बांबूच्या पेऱ्यात रुतून बसले आणि सरळ ओढून निघेना, तेव्हा मी मूठ वर-खाली हलवून ते सैल करू लागलो. तिसऱ्या की चौथ्या हिसक्याला पट्टी बाजूला सरकली आणि पाते मिटून उजव्या हाताच्या मधल्या बोटावर व अनामिकेवर, आतल्या बाजूने, मधल्या पेरावर बसले. दोन्ही बोटांना मिळून सात टाके पडले.

आता प्रश्न असा की, माझ्या आजोबांकडे शिसवी मुठीचा एक घडीचा चाकू होता आणि त्याला लॉक म्हणून काहीच नव्हते. पाठीकडची कमान पात्याला जेवढा दाब देईल तेवढाच त्याला आधार. त्या चाकूने त्यांनी चाळीस वर्षे आंबे कापले, पेन्सिलींना टोके केली, पोत्यांच्या सुतळ्या तोडल्या, परंतु तो त्यांच्या बोटांवर मिटल्याचे घरात कोणालाही आठवत नाही. मग लॉक असलेला चाकू अधिक सुरक्षित असे जे सर्रास सांगितले जाते, त्यात तथ्य किती? माझे लॉक निकामी झाले असे समजावे, की लॉक नसते तर मी ती मूठ तशी हलवलीच नसती असे समजावे?

यंत्रवेल्हाळ, शनिवार, रात्री ११:०५

घाटपायथा, आधी हात लवकर बरा होवो. मी पस्तीस वर्षे भोसरीच्या एका टूलरूममध्ये काढली असल्यामुळे प्रश्नाकडे त्याच नजरेने पाहतो.

घडीच्या चाकूवर दोन दिशांनी जोर येतो. आपण काही कापतो तेव्हा कापला जाणारा पदार्थ धारेला मागे रेटतो, म्हणजे पाते आणखी उघडू पाहते. पण पुढे थांबा असल्याने ते उघडत नाही आणि सगळा भार खिळीवर (जिच्यावर पाते फिरते) व थांब्यावर जातो. या दिशेला लॉकला काहीही काम नसते. लॉक कितीही भक्कम असो वा मुळीच नसो, भाजी चिरताना आणि दोर कापताना काडीचाही फरक पडत नाही. दुसरी दिशा म्हणजे पात्याच्या पाठीवर येणारा जोर. टोक खुपसून भोक पाडताना हात जरा कलला, रुतलेले पाते हिसके देऊन काढले किंवा पाठीवर दगडाने ठोकले, की पाते मिटू पाहते. लॉक आहे ते एवढ्यासाठीच. आपल्या आजोबांच्या कामांची यादी पुन्हा वाचून पाहा, त्यातले एकही काम पाठीवर जोर आणणारे नाही.

आता आपल्या चाकूचा हिशेब करू. खिळीपासून टोक ८० मिलिमीटर दूर आहे, आणि पट्टी टाचेला जिथे टेकते ती जागा खिळीपासून फार तर ६ मिलिमीटरवर असते. म्हणजे तरफेचे गुणोत्तर १३ च्या वर गेले. टोकाशी पाठीकडून ५ किलोचा जोर आला तर त्या नखाएवढ्या टेकूवर ६५ किलोंहून जास्त भार येतो. रुतलेले पाते सोडवताना मनगटाने दिलेला हिसका ५ किलोंपेक्षा सहज मोठा असतो.

आपण वर्णन केले आहे त्याला लायनर लॉक म्हणतात. अमेरिकी लष्कराच्या दुसऱ्या महायुद्धातल्या वीजतंत्र्यांच्या चाकूंत ते स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला असे. पुढे १९८० च्या दशकात मायकल वॉकर या कारागिराने त्याला आजचे रूप दिले. त्यात पात्याच्या टाचेला थोडा उतार दिलेला असतो, साधारण ७ ते १० अंशांचा, आणि पट्टी त्या उतारावर पाचरीसारखी बसते. पाचर सुटत नाही ती घर्षणामुळे. ड्रिल मशीनमधली मोर्स टेपरची, म्हणजे किंचित निमुळती, स्लीव्ह हाताने ओढून निघत नाही, ड्रिफ्ट (चपटी पाचर) ठोकावा लागतो, त्यामागचे तत्त्वही हेच. मात्र तिचा उतार फारच कमी असतो, म्हणून तिची पकड घट्ट. पोलादावर पोलाद कोरडे असताना घर्षणगुणांक ०.१५ धरला तर साडेआठ अंशांपर्यंतचा उतार पाचरीला धरून ठेवतो. तोच गुणांक तेलाने ०.१० वर आला तर ही मर्यादा पावणेसहा अंशांवर येते, आणि मग पट्टीला जागेवर ठेवणारा केवळ तिचा स्वतःचा ताण उरतो, जो बोटाच्या टोकाने सरकवता येईल एवढाच असतो.

म्हणून एक विचारतो. अपघाताच्या आधी आपण चाकूला तेल दिले होते का?

घाटपायथा, रविवार, सकाळी ७:१५

यंत्रवेल्हाळ, आपला प्रश्न वाचून मी अंथरुणातून उठून चाकू शोधला. होय, निघण्याच्या आदल्या रात्री शिलाई मशीनचे तेल दिले होते, आणि ते खिळीवरच नव्हे तर आत सगळीकडे, पाते मिटले असताना थेंब थेंब सोडले होते. आता भिंगातून पाहिल्यावर टाचेवर तेलात कालवलेला बांबूचा बारीक भुसा दिसतो. पट्टीही टाचेच्या अगदी कडेशीच टेकते, अर्धी जाडीसुद्धा आत जात नाही.

पाचरकलम, रविवार, सकाळी ८:५०

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे. डॉगरिजच्या खुंटावर पाचर कलम करण्याचे काम दर वर्षी पावसाच्या उतारावर आमच्याकडे चालते, आणि टोळीतले लोक दिवसभर घडीच्या चाकूनेच काम करतात. हे चाकू बिनलॉकचे. धार एकाच बाजूने काढलेली असते, कारण कलमकाडीचा काप सपाट आला पाहिजे; काप जरा जरी गोलसर झाला तर पाचर खुंटात नीट बसत नाही आणि कलम फसते.

या कामात चाकू किती वेळा उघडतो आणि मिटतो हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. एक काडी, दोन काप, कलमाची पट्टी गुंडाळायची, पुढच्या खुंटाकडे जायचे, आणि जाताना चाकू मिटून खिशात किंवा कमरेला. माझ्या देखत बोटे कापली गेली ती बहुतेक डाव्या हाताची, आणि तीही काप घेताना चाकू निसटल्यामुळे, कारण धार गेलेल्या चाकूने माणूस जोर लावतो. पाते मिटून बोट कापल्याचे प्रकार मी दोनच पाहिले, आणि त्यातला एक चाकू लॉकवाला होता, हे मुद्दाम सांगतो.

आमच्याकडचा एक तरुण पोरगा शहरातून लॉकचा चाकू घेऊन आला. उघडा असताना चाकूने त्याला कधी दगा दिला नाही. परंतु तो मिटायचा म्हणजे अंगठ्याने आतली पट्टी बाजूला दाबायची आणि त्याच वेळी दुसऱ्या बोटाने पाते खाली आणायचे. म्हणजे अंगठा काही क्षण पात्याच्या वाटेतच असतो. दिवसातून शेकडो वेळा ही कसरत करायची, हाताला काडीचा चीक लागलेला, आणि संध्याकाळी चार वाजता डोळे जड झालेले. तिसऱ्याच दिवशी त्याने स्वतःच्या हाताने पाते स्वतःच्या अंगठ्यावर मिटले. आमच्या कमानीच्या चाकूला मात्र अर्ध्यावर एक थांबा असतो. पाते मुठीशी काटकोनात आले की ते तिथे जरा अडते, बोटे बाजूला घ्यायला तेवढी सवड मिळते, आणि मग तळव्याने पुढे दाबले की बंद.

तेव्हा माझे मत सांगायचे तर लॉकचा विचार उघड्या चाकूपुरता करू नये. तो मिटताना काय होते हेही पाहावे.

कडेलोट, रविवार, सकाळी १०:३०

पाचरकलम काकांचा अनुभव मोठा आहे आणि त्याबद्दल पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो. मी प्रस्तरारोहण करतो. बिनलॉकच्या चाकूवर विश्वास ठेवून मी एकदा शिकलो आहे. सॅकच्या पट्ट्याला भोक पाडायचे होते, म्हणून एका बहुकामी चाकूचा टोच्या वापरला. टोच्यावर जोर देताच तो जाड पट्ट्यात वाकडा झाला आणि थेट तर्जनीवर मिटला. टोच्याला धार कमी असते म्हणून निभावले. भोक पाडणे, खुपसणे, खरवडणे ही कामे बाहेर वावरणाऱ्याला करावीच लागतात, आणि ती लॉकशिवाय करू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या मते धागाकर्त्यांच्या बाबतीत दोष लॉक असण्याचा नाही. वाईट लॉक असण्याचा आहे.

यंत्रवेल्हाळ, रविवार, दुपारी १२:१०

कडेलोट यांचा मुद्दा मान्य आहे, फक्त त्यात एक भर घालतो. सगळी लॉक एका जातीची नसतात आणि प्रत्येकाची फसण्याची रीत वेगळी असते.

पाठीचे लॉक, जे १९६४ साली बाजारात आलेल्या बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूमुळे घरोघर पोहोचले, त्यात मुठीच्या पाठीला एक दांडी असते आणि तिचे नाक पात्याच्या टाचेतल्या खाचेत पडते. हे लॉक चांगले मजबूत आहे, पण खाचेत खिशातला कचरा साठला तर नाक पुरते खाली बसत नाही आणि वरून मात्र सगळे ठीक दिसते. दुसरी अडचण अशी की दांडीची कळ मुठीवर उघडी असते, त्यामुळे मूठ आवळून धरणाऱ्याच्या तळव्याने ती दबू शकते. डेव्हिड बोये नावाच्या कारागिराने यावर साधा उपाय काढला आणि कळीच्या जागी दांडीला थोडा खोलगटपणा दिला, म्हणजे तळवा वरून जातो आणि कळ दबत नाही. ही एवढीशी खोलगट जागा मला कितीतरी जाहिरातींपेक्षा मोलाची वाटते.

फ्रान्समधल्या सव्हाचा ओपिनेल चाकू १८९० पासून बनतो, आणि त्याला फिरत्या कड्याचे लॉक मिळाले ते १९५५ मध्ये. म्हणजे पासष्ट वर्षे तो चाकू लॉकशिवाय शेतकऱ्यांच्या खिशात होता. हे कडे पात्याच्या टाचेमागे फिरून उभे राहते. त्यात ना उतार, ना पाचर, त्यामुळे घसरण्याचा प्रश्न कमी. पण ते आपोआप बसत नाही, माणसाने हाताने फिरवायचे असते, आणि विसरले तर चाकू लॉकशिवायच राहतो. साधारण २००० सालापासून तेच कडे मिटलेल्या स्थितीतही फिरवता येते, म्हणजे खिशात पाते उघडणार नाही. चाकू बंद असतानाचा धोकाही असतो, याची चर्चा फारशी कोणी करत नाही.

बेंचमेड कंपनीचे १९९८ चे ॲक्सिस लॉक हे आडव्या दांडीचे. ती दांडी दोन बारीक स्प्रिंगांवर चालते, आणि ते मिटताना बोटे पात्याच्या वाटेत येत नाहीत. पाचरकलम काकांच्या आक्षेपाला हे खरे उत्तर आहे, पण किंमत पाहता टोळीतल्या प्रत्येकाच्या हाती तो चाकू येणार नाही.

आणि कडेलोट, एक गोष्ट लॉकइतकीच महत्त्वाची. पात्याच्या मुळाशी, मुठीलगत, धार न लावलेला बोटभर भाग असेल तर लॉक सुटले तरी पहिल्यांदा बोटावर आदळतो तो हा बोथट भाग. बोटाला मुका मार लागतो, पण ते कापले जात नाही. चाकू घेताना लोक लॉकचा आवाज ऐकतात. त्यांनी तो हळूहळू मिटून पाहावा आणि बोटाला प्रथम काय लागते ते बघावे.

करतल, रविवार, दुपारी ३:४५

मी हाताच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आहे. धाग्यात सगळे लॉकविषयी बोलत आहेत, म्हणून बोटाविषयी थोडे.

निसटलेल्या चाकूने बहुधा दुसरा हात, म्हणजे वस्तू धरणारा हात कापला जातो, आणि जखम अंगठ्यावर, तर्जनीवर किंवा अंगठ्याच्या मुळाशी असते. मिटलेल्या चाकूची जखम वेगळी असते. ती चाकू धरणाऱ्या, म्हणजे बहुतेकांच्या उजव्या हाताला होते, बोटांच्या आतल्या बाजूला होते, आणि आवळलेल्या मुठीत होते. मुठीत आवळलेल्या बोटांच्या कंडरा ताणलेल्या आणि त्वचेच्या अगदी जवळ असतात. प्रत्येक बोटाला मिटवणाऱ्या दोन कंडरा असतात, एक मधल्या पेरापाशी संपते आणि दुसरी टोकापर्यंत जाते. तळहाताच्या वरच्या रेषेपासून मधल्या पेराच्या अर्ध्यापर्यंत या दोन्ही एका अरुंद बोगद्यातून जातात. जुन्या शल्यविशारदांनी या भागाला 'नो मॅन्स लँड' असे नाव दिले होते, कारण तिथे जोडलेली कंडरा आजूबाजूला चिकटून बसे आणि बोट पुन्हा नीट मिटत नसे. आता निकाल पुष्कळ सुधारले आहेत, तरीही अशा दुरुस्तीनंतर साधारण सहा आठवडे आधाराची पट्टी आणि रोजचे व्यायाम, आणि पूर्ण जोर लावायला सुमारे बारा आठवडे लागतात.

याच बोटाच्या दोन्ही कडांनी स्पर्श कळवणारी एकेक नस टोकापर्यंत जाते. जखम लहान दिसते, रक्त थांबते, टाके पडतात, आणि नस तुटल्याचे कोणाच्याच लक्षात येत नाही.

घाटपायथा, म्हणून आपल्याला दोन गोष्टी करून पाहायला सांगते. दुसऱ्या हाताने बोटाचे मधले पेर सरळ धरून ठेवा आणि फक्त शेवटचे पेर वाकवा; वाकते का? आणि डोळे मिटून कोणाला तरी कापसाचा बोळा बोटाच्या टोकाच्या दोन्ही कडांना फिरवायला सांगा. दोन्हीकडे स्पर्श सारखा कळतो का? उत्तर इथे लिहिण्यापूर्वीच शंका वाटली तर थेट दाखवायला जा.

इतरांसाठी एवढेच की, असे झाल्यास स्वच्छ कापडाने जखमेवर दाब द्यावा, हात वर धरावा, हळद किंवा कॉफी भरू नये, कारण ती नंतर आम्हाला खरवडून काढावी लागते, आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

परसदार, रविवार, संध्याकाळी ५:२०

घरातल्या घडीच्या विळीची कोणालाच आठवण झाली नाही याचे आश्चर्य वाटते. तिचे पाते पाटावर आडवे होते, उभे केले की उभे राहते, आणि लॉक नसतेच. आपण भाजी पुढे लोटतो आणि पाते त्याच दिशेने आपल्या थांब्यावर रेटले जाते, म्हणजे यंत्रवेल्हाळ यांनी सांगितलेली पहिली दिशा. माझ्या आईला विळीने कापले ते पाते मिटल्यामुळे कधीच नाही. उठताना पाते आडवे करायचे राहून गेले आणि पाय लागला, तेव्हा कापले. न्हाव्याचा जुना वस्तराही तसाच. त्याला लॉक नाही, पण पात्याच्या शेपटीवर करंगळी टेकलेली असते आणि तेच त्याचे लॉक.

टेम्सकाठ, रविवार, रात्री ८:०० (येथील वेळ)

इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती कायद्याची, आणि ती यंत्रवेल्हाळ यांच्या पहिल्या प्रतिसादाला उलटी लागते.

येथील १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचे कलम १३९ सांगते की सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय पाते असलेली वस्तू बाळगणे हा गुन्हा आहे; त्यातून सूट फक्त घडीच्या खिशातल्या चाकूला, आणि तीही धार तीन इंचांपेक्षा जास्त नसेल तर. कायद्यात लॉकचा उल्लेख नाही. परंतु १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅरिस खटल्याच्या निकालात न्यायालयाने असे धरले की घडीचा चाकू म्हणजे जो केव्हाही, नुसता दाबून मिटवता येतो तो. ज्याला मिटण्यापूर्वी कळ दाबावी लागते, तो उघडा असताना घडीचा चाकू राहतच नाही. म्हणजे दोन इंचांचा लॉकचा चाकू खिशात असेल तर मी कारण दाखवू शकलो पाहिजे, आणि पावणेतीन इंचांचा बिनलॉकचा असेल तर विचारणारे कोणी नाही. मी माझ्या भाजीच्या वाफ्यावर जाताना म्हणूनच बिनलॉकचा चाकू नेतो. जर्मनीत २००८ पासून शस्त्र कायद्याच्या ४२अ कलमान्वये एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू विनाकारण बाळगता येत नाही.

येथे सगळे म्हणतात की कायद्याने कारागिराची सुरक्षितता काढून घेतली. या धाग्यातले हिशेब वाचल्यावर मला ते अर्धेच खरे वाटू लागले आहे. लॉकचे काम खुपसताना असते, हे न्यायालयाने नाही तरी कायदा राबवणाऱ्यांनी बरोबर ओळखले होते असे दिसते.

यंत्रवेल्हाळ, सोमवार, सकाळी ९:३०

टेम्सकाठ यांनी जे लिहिले त्याचा आपल्याकडचा जोड सांगतो. दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेत ज्या चाकूंवर बंधन आले त्यांची नावेच 'गरारीदार' आणि 'बटनदार' अशी आहेत, आणि पात्याच्या लांबीची मर्यादा ७.६२ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर आपले तीन इंच. गरारी म्हणजे दाते. रामपुरी चाकू उघडताना जो कटकट आवाज येतो तो या दात्यांचा. स्पेनमधल्या जुन्या नवाजा चाकूचाही आवाज असाच. हे दोन्ही चाकू भांडणातले, आणि भांडणात पाते हाडावर आपटते, तिथे पाठीवर जोर येतो, म्हणून त्यांना दाते लागले. त्याच काळात कलम करणाऱ्याच्या, बुटाच्या कारागिराच्या आणि शाळकरी पोराच्या खिशातला चाकू नुसत्या कमानीवर चालला. १८९७ चा स्विस अधिकाऱ्यांचा चाकू बिनलॉकचाच होता, आणि आजही व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरचा नेहमीचा नमुना बिनलॉकचा मिळतो. लॉक आहे ते १११ मिलिमीटरच्या मोठ्या नमुन्यांना. आकार वाढला की माणूस जड काम करायला जातो, हे कारखानदाराला ठाऊक असते.

घाटपायथा, हात बरा असेल आणि कुतूहल असेल तर एक साधी चाचणी सुचवतो. मूठ शिकंज्यात धरा, धार खाली येईल अशी, पण मिटताना पात्याला वाट राहील एवढी जागा ठेवून. धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळा, पात्याच्या टोकाजवळ पाठीवरून दोरी टाकून तिला बादली टांगा आणि मग लांबून मगाने पाणी ओतत जा. एकदा टाच आता आहे तशी तेलकट ठेवून, आणि एकदा स्पिरिटने पुसून. बोटे मुठीजवळ नेऊ नका, पायही खाली ठेवू नका.

कडेलोट, सोमवार, दुपारी १:००

चाचणी चांगली आहे, पण बादलीचा भार स्थिर असतो आणि हिसक्याचा नसतो. बादलीला टिकलेले लॉक हिसक्याला टिकेलच असे नाही.

यंत्रवेल्हाळ, सोमवार, दुपारी १:४०

बरोबर आहे. टिकल्याने काही सिद्ध होणार नाही. घसरल्याने मात्र होईल.

पाचरकलम, सोमवार, सायंकाळी ७:१०

दरम्यान एक व्यवहारी गोष्ट. रुतलेले पाते काढायचे असेल तर आमच्याकडे मूठ हलवत नाहीत, लाकूड हलवतात. चाकूचा हात स्थिर, बोटे मुठीवरून काढून फक्त तळव्याचा आधार, आणि दुसऱ्या हाताने काडी किंवा खुंट धारेच्या रेषेतच पुढे-मागे. बांबूच्या बाबतीत तर दुसऱ्या बाजूने हलकी चीर दिली की तो आपण होऊन पाते सोडतो. ज्याला हे सुचत नाही त्याने खुंट्यांसाठी कोयती न्यावी, ती मिटतच नाही.

घाटपायथा, मंगळवार, रात्री १०:२५

सर्वांचे आभार. शिकंजा शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळाला आणि त्यानेच पाणी ओतायला मदत केली.

तेलकट टाचेसह बादलीत जेमतेम चार लिटर पाणी झाले असताना पट्टी आवाज न करता सरकली आणि पाते मिटले. मला वाटले होते काहीतरी मोडल्याचा आवाज येईल; पण काहीच आले नाही, आणि पट्टी जशी मी रोज अंगठ्याने सरकवतो तशी सरळ बाजूला गेली. मग टाच आणि पट्टी दोन्ही स्पिरिटने पुसली, टूथब्रशने भुसा काढला आणि पुन्हा लावले. बादली काठोकाठ भरली, बारा लिटरला काही कमी नाही, तरी लॉक जागेवर राहिले. तिसऱ्यांदा मुद्दाम टाचेवर तेलाचा एकच थेंब सोडला आणि ते पाच लिटरला सुटले. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, बेल्टवर ऑइल लागल्यावर मशीन घसरते तसेच हे. कडेलोट यांचा आक्षेप लक्षात ठेवून कोरड्या टाचेवर शेवटी शिकंज्यातूनच लाकडी दांड्याने पाठीवर दोन हलके टोले दिले. दुसऱ्या टोल्याला ते सुटले. म्हणजे तेल नसते तरी त्या दिवशी ते बांबूच्या हिसक्यांना टिकले असते असे मी म्हणू शकत नाही.

आजोबांचा चाकू पेटीतून काढून पाहिला. पात्याच्या मुळाशी बोटभर जागा बिनधारेची आहे, आणि ती धार कोणी काढून टाकलेली नाही, मुळातच लावलेली नाही.

करतल, आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टी बहिणीकडून करून घेतल्या. दोन्ही बोटांची टोके वाकतात. मधल्या बोटाला कापूस दोन्हीकडे कळतो. अनामिकेच्या करंगळीकडच्या कडेला मात्र काहीच कळले नाही. बहिणीने तीनदा फिरवला आणि मी तीनदा 'अजून लावला नाहीस का' असे विचारले. टाके काढताना हे कोणी विचारले नव्हते आणि मलाही सुचले नव्हते. उद्या सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे.

करतल, मंगळवार, रात्री १०:५०

जाताना अपघाताची नेमकी तारीख आणि जखमेचा आधीचा फोटो असेल तर तो सोबत न्या, आणि त्या बोटाने गरम कप धरू नका.